नकाशा जमिनीवरून, तारीख जमिनीतून

गाडलं गेलेलं शहर सापडलं की दोन प्रश्न लगेच पुढे येतात. कुठे काय होतं? आणि ते केव्हाचं? एकदा व्यवस्थित खोदाई केली की दोन्हींची उत्तरं मिळतात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ही उत्तरं वेगवेगळ्या गोष्टींतून येतात. शहराचा आराखडा दगड आणि माती यांच्यातल्या फरकातून कळतो, तर तारीख एखाद्या काडीतून, बीमधून किंवा कोळशाच्या तुकड्यातून मिळते. कोणता प्रश्न आधी सोडवता येईल, हे बऱ्याचदा तिथली मातीच ठरवते. इटलीतल्या फालेरी नोवी या रोमन शहराचा जवळजवळ संपूर्ण नकाशा कुदळ न लावता तयार झाला, पण त्या नकाशावर एकही वर्ष लिहिता येत नाही. पेरूतल्या काराल या शहराची तारीख मात्र गवताच्या पिशव्यांनी सांगितली. ही दोन्ही कामं नीट समजून घेतली तर पुरातत्त्वज्ञ कधी खणतो, कधी थांबतो आणि का, हे स्पष्ट होतं.

शेताखालचं शहर

फालेरी नोवी रोमच्या उत्तरेला सुमारे ५० किलोमीटरवर आहे. इ.स.पू. २४१मध्ये रोमने फालिस्की लोकांचं बंड मोडून काढलं. त्यांचं जुनं शहर कड्यांवर वसलेलं, हल्ला करायला अवघड. रोमनांनी ते रिकामं करवलं आणि थोड्या अंतरावर, सहज पोहोचता येईल अशा जागी नवं शहर वसवलं. सुमारे इ.स. ७००पर्यंत तिथे वस्ती होती. पुढे ते ओस पडलं आणि त्यावर दुसरं शहर कधीच उभं राहिलं नाही. संशोधकांसाठी ही दुर्मीळ संधी, कारण बहुतेक रोमन शहरांवर आजची घरं, रस्ते आणि गटारं आहेत. इथे टफ या ज्वालामुखीजन्य दगडाचा तट आणि वेशी उभ्या आहेत, आत बाराव्या शतकातलं एक चर्च आहे आणि बाकी सगळी शेतजमीन. तटाच्या आतलं क्षेत्र ३०.५ हेक्टर, म्हणजे सुमारे ७५ एकर. पॉम्पेईच्या निम्म्याहून थोडं कमी.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस इथे मॅग्नेटोमीटरने पहिली मोठी पाहणी झाली. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र इटलीत साधारण ४६,००० नॅनोटेस्ला असतं. पुरलेली भिंत, भट्टी किंवा विटांचा ढीग त्यात थोडासा बदल घडवतो, बऱ्याचदा केवळ काही नॅनोटेस्लांचा. टफ ज्वालामुखीतून आलेला असल्याने त्यात चुंबकीय खनिजं असतात आणि भिंती चांगल्या उठून दिसतात. भाजलेली वीट तर त्याहून ठळक, कारण मातीतली लोहखनिजं भट्टीत तापून थंड होताना त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. हे काम करणाऱ्याच्या अंगावर लोखंड चालत नाही. पट्ट्याचं बक्कल आणि बुटातली लोखंडी पट्टी आधी काढून ठेवायची, नाहीतर यंत्र शहराऐवजी मोजणाऱ्यालाच मोजत राहतं. या पाहणीतून रस्त्यांची चौकट, फोरम म्हणजे शहराचा मुख्य सार्वजनिक चौक, आणि नाट्यगृह हाती आलं. पण मॅग्नेटोमीटर खोली सांगत नाही. वरचं, खालचं, मधलं सगळं एकाच प्रतलात चपटं होऊन दिसतं.

ती उणीव ग्राउंड पेनिट्रेटिंग रडारने, म्हणजे जीपीआरने भरून काढली. केंब्रिज आणि गेन्ट विद्यापीठांच्या गटाने चारचाकी बाइकच्या मागे अँटेना जोडून तटाच्या आतला परिसर पिंजून काढला, दर १२.५ सेंटीमीटरला एक मोजणी घेत. २०२०मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा माहितीचे एकूण बिंदू होते २,८६८ कोटी. क्षेत्रफळाने भागलं तर जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे ९४ हजार. इतक्या बारीक तपशिलात संपूर्ण रोमन शहर रडारने पाहण्याचं काम याआधी झालं नव्हतं.

जीपीआरची अँटेना जमिनीत रेडिओ लहरींचा अगदी छोटा ठोका सोडते. मातीचा थर बदलला, दगड लागला किंवा पोकळी आली की लहरीचा काही भाग तिथून परत फिरतो. यंत्र दोनच गोष्टी नोंदवतं: प्रतिध्वनी परत यायला किती नॅनोसेकंद लागले आणि तो किती जोरकस होता. खोली आपल्याला काढावी लागते, आणि बहुतेक चुका याच पायरीवर होतात. रेडिओ लहर हवेत एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जाते, कोरड्या वाळूत सुमारे १५, ओलसर मातीत ६ ते ८ आणि पाण्यात जेमतेम ३.३. समजा प्रतिध्वनी ४० नॅनोसेकंदांनी आला. त्यातला निम्मा वेळ जाण्याचा, म्हणजे २० नॅनोसेकंद. वेग ८ सेंटीमीटर धरला तर भिंत १६० सेंटीमीटर खाली आहे. पण आदल्या आठवड्यात चांगला पाऊस पडून वेग ६वर आला असेल, तर तोच प्रतिध्वनी १२० सेंटीमीटरवरून आलेला असतो. चाळीस सेंटीमीटरच्या या फरकात रोमन घराची एक जमीन आणि तिच्याखालची आधीची जमीन, दोन्ही मावू शकतात.

म्हणून वेग गृहीत धरत नाहीत, नोंदींतूनच काढतात. एखादा सुटा धोंडा किंवा नळ खाली असला की अँटेना त्याच्याकडे येताना, अगदी वर असताना आणि पुढे जाताना त्याचं अंतर बदलत जातं. नोंदीत त्यामुळे एक कमान उमटते. माती जितकी कोरडी आणि वेग जितका जास्त, तितकी कमान पसरट. गणिताने ती वक्ररेषा जुळवली की त्या जागेचा वेग मिळतो. मग त्याच वेगाने सगळ्या कमानी परत एकेका बिंदूत गोळा करतात. वेग चुकला तर बिंदू नीट जुळून येत नाही आणि धोंड्याच्या दोन्ही बाजूंना शेपट्या राहतात. अनुभवी माणूस त्या शेपट्या पाहून हिशेब कुठे बिघडला ते ओळखतो.

दुसरा निर्णय वारंवारतेचा. ५०० मेगाहर्ट्झची लहर ओलसर मातीत सुमारे १६ सेंटीमीटर लांबीची होते. तिच्या पावभागाएवढा, म्हणजे ४ सेंटीमीटरचा फरक उभ्या दिशेत वेगळा दिसू शकतो. पण ही लहर लवकर विरते. सहसा दीड-दोन मीटर, जमीन अनुकूल असेल तर थोडी जास्त खोली, इतकीच तिची मजल. १०० मेगाहर्ट्झ घेतले तर खोल जाता येतं, पण तरंगलांबी ८० सेंटीमीटर होते आणि विटांची पातळ भिंत तिच्यात हरवून जाते. दोन्ही एकत्र मिळत नाही. रेषांमधलं अंतरही याच हिशेबाने ठेवावं लागतं. अर्ध्या-अर्ध्या मीटरने चाललात, तर ४० सेंटीमीटरचा खांबाचा पाया दोन रेषांच्या मधे निसटू शकतो, आणि मग खांबांच्या ओळीतले दोन-चार खांब गायब असलेला नकाशा तयार होतो. त्यावरून दार होतं, कमान होती, असे निष्कर्ष निघतात. फालेरी नोवीतली दाट मोजणी ही हौस नव्हती, यासाठीच ती केली गेली.

सगळ्या रेषा एकत्र आल्या की ठरावीक खोलीचे आडवे काप काढले जातात. नांगरटीच्या थराखालच्या कापात पडझडीचा दगडगोटा, थोडं खाली भिंती, आणखी खाली पाया आणि नळ. हाताने रेषा आखत बसलं तर एका हेक्टरला सुमारे २० तास लागतात, म्हणजे पूर्ण शहराला सहाशे तासांहून जास्त. त्यामुळे आकार ओळखण्याचं काही काम संगणकावर सोपवण्याची पद्धत याच गटाने विकसित करायला घेतली.

हाती आलं ते मोलाचं होतं. एक देऊळ, स्नानगृह, मॅसेलम म्हणजे बाजाराची इमारत, आणि उत्तर वेशीजवळ खांबांच्या ओसऱ्यांनी वेढलेलं एक भव्य सार्वजनिक स्मारक. माझ्या मते सगळ्यात बोलकी गोष्ट पाण्याच्या नळांची आहे. ते नुसते रस्त्यांच्या कडेने जात नाहीत, घरांच्या चौकांखालूनही जातात. इमारती उभ्या राहिल्यावर असे नळ घालता येत नाहीत. म्हणजे पाण्याची आखणी बांधकामाच्या आधीच झाली होती. एका छोट्या शहरात, जिथे फार मोठं काही मिळेल असं कुणाला वाटत नव्हतं, तिथे नगररचनेचा इतका दूरवरचा विचार दिसावा हे महत्त्वाचं आहे.

नळ आधी आणि घरं नंतर, इतका क्रम रडार सांगतं. त्यापुढे ते थांबतं. नळ इ.स.पू. तिसऱ्या शतकातले की इ.स. पहिल्या शतकातले, हे त्याला कळत नाही. खोली म्हणजे काळ नव्हे. उतारावर एकाच वर्षी बांधलेल्या दोन घरांच्या जमिनी मीटरभर वर-खाली असू शकतात, आणि जुन्या पायावर पाचशे वर्षांनी उभारलेली भिंत रडारला एकच भिंत दिसते. मध्ययुगात दगड काढून नेलेली भिंत तर आणखी फसवते. तिच्या जागी माती भरलेला चर असतो, त्याचा प्रतिध्वनी मंद येतो, आणि खूप महत्त्वाची इमारत नकाशावर फिकी पडते. याउलट छत कोसळून झालेला राबिटाचा थर इतका जोरात चमकतो की त्याखालचं काहीच दिसत नाही. २०२१पासून फालेरी नोवीत प्रत्यक्ष उत्खनन सुरू झालं ते म्हणूनच, आणि सरसकट नव्हे: बाजाराच्या इमारतीसह मोजक्या जागी, नकाशातल्या ठरावीक प्रश्नांवर नेम धरून.

इथे महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी, कारण हे यंत्र आपल्याकडे का आणत नाहीत असा प्रश्न पडतोच. दख्खनच्या काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण भरपूर. ती पाणी धरून ठेवते आणि वीज वाहते, त्यामुळे रडारची लहर वरच्या थरातच शोषली जाते. मॅग्नेटोमीटरला वेगळी अडचण: आपला बेसाल्ट स्वतःच चुंबकीय आहे, त्यामुळे नैसर्गिक धोंडा आणि भिंतीतला धोंडा यांचे संकेत एकमेकांत मिसळतात. काम अशक्य नाही. उन्हाळ्याच्या शेवटी, माती पुरती वाळल्यावर, जागा नीट निवडून करावं लागतं, आणि विद्युतरोध मोजण्याची पद्धत जोडीला घ्यावी लागते.

गवताच्या पिशवीतलं वर्ष

पेरूच्या किनाऱ्याजवळ, लिमाच्या उत्तरेला सुमारे १८० किलोमीटरवर सुपे नदीचं खोरं आहे. समुद्रापासून २०-२५ किलोमीटर आत, नदीकाठच्या हिरव्या पट्ट्याच्या वर, वाळवंटी पठारावर काराल पसरलं आहे. दगडामातीचे प्रचंड चौथरे, वर्तुळाकार खोलगट चौक, घरांचे समूह. सर्वांत मोठ्या चौथऱ्याचा पाया साधारण १६० बाय १५० मीटर आणि उंची १८ मीटर. या टेकाडांची माहिती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून होती. अडचण अशी की तिथे मातीची भांडी मिळत नव्हती. खापरांच्या नक्षीवरून काळ ठरवायची सवय असलेल्या संशोधकांना खापरच नसलेलं शहर कुठे बसवावं, ते कळेना.

पेरूच्या पुरातत्त्वज्ञ रुथ शेडी यांनी १९९०च्या दशकात इथे पद्धतशीर काम सुरू केलं. चौथऱ्यांच्या पोटातला भराव उघडला तेव्हा त्यात लव्हाळ्याच्या धाग्यांनी विणलेल्या जाळीदार पिशव्या निघाल्या, आपल्याकडच्या शिंक्यासारख्या, आणि त्यात दगड भरलेले. स्थानिक नाव शिक्रा. मजुरांनी दगड पिशवीत भरून आणले आणि पिशवीसकट भरावात रचून टाकले. यामागे बांधकामाची समजही आहे. नुसता दगडगोटा ओतला तर भूकंपाच्या हादऱ्याने तो बाहेरच्या भिंतीवर ढकलला जातो आणि भिंत फुटते. पिशवीत बांधलेला दगड जागच्या जागी थोडा हलतो आणि पुन्हा बसतो. आजही नदीकाठच्या बांधाला तारेच्या जाळीत दगड भरून लावतात, तत्त्व तेच.

तारखेच्या दृष्टीने ही पिशवी म्हणजे मिळू शकणारी जवळजवळ सर्वोत्तम वस्तू. तुळईचा तुकडा घेतला असता तर काय झालं असतं? झाडाच्या गाभ्यातलं लाकूड झाड तोडण्याच्या शंभर-दोनशे वर्षं आधी तयार झालेलं असू शकतं. शिवाय चांगली तुळई जुन्या इमारतीतून काढून नव्या इमारतीत बसवली जाते. लाकडाची तारीख अचूक असूनही इमारतीची तारीख चुकते. चुलीतल्या कोळशाचंही तेच, वाळवंटात वाळून पडलेलं जुनं सरपण शेकडो वर्षांनी पेटवलेलं असू शकतं. लव्हाळा मात्र एखाद्या हंगामात उगवतो, कापला जातो, विणला जातो आणि लवकरच वापरला जातो. त्याचा मृत्यू आणि चौथऱ्याचं बांधकाम यांत फार अंतर पडत नाही.

कार्बन-१४ची चाचणी याच मृत्यूपासून मोजायला लागते. जिवंत वनस्पती हवेतून कार्बन घेत असते. ती मेली की आवक थांबते आणि कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. ४,६०० वर्षांपूर्वीच्या लव्हाळ्यात मूळच्या साधारण ५७ टक्के शिल्लक असायला हवा. आजच्या यंत्रांना मोजायला मिलिग्रॅमभर कार्बन पुरतो, म्हणजे काडीचा एक लहानसा तुकडा. पण त्याआधी धुलाई करावी लागते: आम्लाने मातीतले कार्बोनेट काढायचे, मग अल्कलीने कुजकट मातीतून शिरलेली सेंद्रिय आम्लं, मग पुन्हा आम्ल. हे नीट झालं नाही तर काय होतं त्याचा हिशेब सोपा आहे. ४,६०० वर्षं जुन्या नमुन्यात आजचा कार्बन एक टक्का मिसळला तर वय सुमारे ६० वर्षांनी कमी येतं. नमुना बोटांनी उचलणं, कापसात गुंडाळणं किंवा कागदी पाकिटात ठेवणं म्हणूनच टाळतात. चिमट्याने उचलून स्वच्छ ॲल्युमिनियमच्या कागदात ठेवतात.

आलेला आकडा अजून वर्ष झालेला नसतो. हवेतला कार्बन-१४ प्रत्येक शतकात सारखा नव्हता, त्यामुळे झाडांच्या वर्षवलयांवरून तयार केलेल्या आलेखावर तो बसवावा लागतो. दक्षिण गोलार्धाचा आलेख वेगळा आहे. तिकडे समुद्र जास्त, समुद्रातून जुना कार्बन हवेत मिसळतो, आणि त्यामुळे तिथले नमुने साधारण ४० वर्षांनी जास्त जुने भासतात. पेरूच्या किनाऱ्यावर आणखी एक सापळा आहे. थंड हम्बोल्ट प्रवाहाबरोबर खोल समुद्रातलं पाणी वर येतं आणि त्यातला कार्बन आधीच शतकानुशतकं जुना असतो. त्या पाण्यातले शिंपले आणि मासे कार्बन-१४च्या हिशेबात काही शतकं म्हातारे निघतात. कारालचे लोक अँचोव्ही आणि सार्डिन हे छोटे मासे खात. किनाऱ्यावरच्या वस्त्यांकडून मासे यायचे आणि बदल्यात खोऱ्यातला कापूस, म्हणजे जाळ्यांसाठीचा धागा जायचा. इथल्या माणसाच्या हाडाची तारीख काढली, तर त्याच्या जेवणातल्या माशांचं हे म्हातारपण वजा करावंच लागतं. लव्हाळ्यात हा प्रश्नच येत नाही, तो हवेतूनच कार्बन घेतो.

२००१मध्ये शेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ नमुन्यांच्या तारखा ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. त्यांत शहराचं बांधकाम इ.स.पू. २६२७च्या सुमारास चालू असल्याचं दिसलं. गिझाचा मोठा पिरॅमिड उभा राहण्याचा आणि हडप्पा, मोहेंजोदडो भरात येण्याचा हाच काळ. अमेरिका खंडात इतक्या लवकर, भांडी आणि लेखन नसतानाही शहर उभं राहिलं, हे एका गवती पिशवीने सिद्ध केलं. २००९मध्ये युनेस्कोने कारालला जागतिक वारसा यादीत घेतलं.

हेच शहर फालेरी नोवीच्या पद्धतीने पाहायला गेलो असतो तर? वाळवंट कोरडं असल्याने रडारची लहर आत शिरली असती, पण चौथऱ्याच्या पोटात दगडाशेजारी दगडच. प्रत्येक धोंड्यावरून प्रतिध्वनी, आणि भिंत व भराव यांत ठळक फरक नाही. उलट लात्सिओच्या, म्हणजे फालेरी नोवी ज्या प्रांतात आहे तिथल्या, ओल्या हवामानात गवताची पिशवी दोन हजार वर्षं टिकली नसती. पाणी आणि हवा दोन्ही मिळालं की बुरशी आणि जीवाणू वनस्पतीचा धागा काही वर्षांत संपवतात. पेरूच्या किनाऱ्यावर पाऊस जवळजवळ नाहीच, म्हणून कापसाचे दोर, भोपळ्याच्या साली, पेलिकनच्या हाडांच्या बासऱ्याही तिथे शाबूत मिळाल्या.

उंचावर

अँडीज पर्वतात वर चढलं की दोन्ही पद्धती अडखळू लागतात. टिटिकाका सरोवराभोवती, ३,८०० मीटर उंचीवर, तिवानाकू या इंकांच्या आधीच्या संस्कृतीच्या काळातल्या उंच वाफ्यांच्या शेतांचे पट्टे विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत स्पष्ट दिसतात. काही मीटर रुंद वाफा, शेजारी पाण्याचा चर, पुन्हा वाफा. आराखडा सहज मिळाला. पण शेताची माती दरवर्षी उलटी-सुलटी होते, जुना कोळसा नव्या थरात येतो, त्यामुळे तारखेवर वाद राहतात. शेत कसं चालायचं हा प्रश्न मात्र प्रयोगाने सुटला. १९८०च्या दशकात क्लार्क एरिक्सन आणि ॲलन कोलाटा या पुरातत्त्वज्ञांच्या गटांनी स्थानिक शेतकऱ्यांबरोबर वाफे पुन्हा उभारून बटाटे लावले. चरातलं पाणी दिवसभर ऊन साठवतं, रात्री ती उष्णता हळूहळू सोडतं आणि वाफ्यावरच्या हवेला गोठणबिंदूच्या थोडं वर ठेवतं. त्या उंचीवर एक-दोन अंशांच्या फरकावर पीक वाचतं किंवा जळतं. चरातला गाळ खत म्हणून वर टाकता येतो. प्रयोगात उत्पन्न चांगलं आलं, पण पुढे बरेच वाफे सोडून दिले गेले. चर उपसायला दरवर्षी अनेक हात लागतात, आणि आजच्या कुटुंबांतली तरुण माणसं मजुरीसाठी शहरात असतात. तिवानाकूच्या शेतांमागे किती संघटित श्रम होते, हे या अपयशातून जास्त कळलं.

चाविन दे वांतार हे धर्मस्थळ ३,१८० मीटरवर, दोन नद्यांच्या संगमावर आहे. साधारण इ.स.पू. १२०० ते ५०० हा त्याचा काळ. बाहेरून दगडी चौथरे, पण आत बोळांचं जाळं: अंधारे, चिंचोळे, वळणावळणाचे मार्ग, हवेसाठी झरोके आणि पाण्यासाठी दगडी नाल्या. एका बोळाच्या मध्यात लान्सोन नावाचा साडेचार मीटर उंच कोरीव ग्रॅनाइटचा स्तंभ अजून मूळ जागी उभा आहे. इथे नकाशा हवा तो पोकळीचा. २००१मध्ये स्टॅनफर्डच्या जॉन रिक यांच्या गटाला एका बोळात शंखांचे २० कर्णे मिळाले, फुंकणाऱ्यांच्या हातांनी झिजलेले. हा शंख इक्वेडोरच्या उबदार समुद्रातला, म्हणजे शेकडो किलोमीटरवरून डोंगर चढून आलेला. मूळ वाद्यं आणि मूळ बोळ दोन्ही हाती असल्याने आवाज तिथे कसा घुमतो, कोणत्या सूराला झरोके वाट देतात, हे मोजता आलं. अशी संधी पुरातत्त्वात क्वचितच मिळते. जिथे माणूस शिरू शकत नाही अशा फटींतून छोट्या कॅमेऱ्याचा रोबो आत सोडला जातो. २०२२मध्ये जाहीर झालेला एक नवा बोळ आधी असाच पाहिला गेला.

हेच स्थळ १९४५च्या जानेवारीत वरच्या दरीतून आलेल्या चिखल-दगडांच्या लोंढ्याखाली गाडलं गेलं. तिथल्या संग्रहातल्या वस्तू वाहून गेल्या. मारिनो गोन्सालेस यांनी पुढची अनेक वर्षं तो गाळ काढण्यात घालवली. अशा गाळात एक अडचण कायमची राहते: वाहत आलेल्या थरातली प्रत्येक वस्तू आपल्या जागेवरून सुटलेली असते. खापर खरं, कोरीव दगड खरा, पण कोणत्या खोलीतला आणि कोणत्या थरातला, हा दुवा तुटतो. जाग्यावर मिळालेली साधी हाडाची नळी त्यापेक्षा जास्त बोलते. २०२५मध्ये याच स्थळावरच्या हाडाच्या नळ्यांतून तंबाखूचं निकोटिन आणि विल्का या झाडाच्या मादक बियांचे अंश ओळखले गेले. नळ्या बंद खोल्यांत, मूळ थरात सापडल्या होत्या, म्हणून हा वापर निवडक लोकांच्या विधींमध्ये होत असावा असं म्हणता आलं.

उघडं पडल्यावर

दगडाचं शहर उघडं ठेवता येतं, मातीचं नाही. उत्तर पेरूतल्या वाका देल सोल या मोचे संस्कृतीच्या प्रचंड वास्तूत १३ कोटींहून अधिक कच्च्या विटा असल्याचा अंदाज आहे. तिच्या भिंती एकमेकींत न गुंफलेल्या उभ्या खंडांत बांधल्या आहेत आणि विटांवर शंभरहून अधिक प्रकारच्या खुणा आढळतात. कोणत्या गटाने कोणता खंड रचला, याची ती नोंद असावी असं बहुतेक अभ्यासक मानतात. लेखन नसलेल्या समाजाचा मजुरीचा हिशेब भिंतीतच राहिला. त्याचा मोठा भाग आता वाचता येत नाही, कारण १६०२मध्ये सोन्याच्या शोधात स्पॅनिशांनी मोचे नदी वास्तूवर वळवली आणि जवळपास दोन तृतीयांश वास्तू वाहून गेली.

जवळच्या चान चान या चिमू राज्याच्या, कच्च्या विटांच्या राजधानीत आज शत्रू जास्त सावकाश काम करतो. १९८६मध्ये ती जागतिक वारसा यादीत आली आणि त्याच वर्षी धोक्यातल्या वारशाच्या यादीतही. एल निनोच्या वर्षी पाऊस कोसळतो तेव्हा कच्ची वीट विरघळते, हे उघड आहे. पण कोरड्या वर्षांतही नुकसान थांबत नाही. भूजल केशाकर्षणाने भिंतीत चढतं, सोबत क्षार आणतं, पृष्ठभागाशी पाणी उडून जातं आणि क्षाराचे स्फटिक आतल्या आत फुगून भिंतीची साल काढतात. भिंत पायाशी पोखरली जाऊन वरून कोसळते. सिमेंटचा गिलावा केला तर पाणी बाहेर पडायची वाट बंद होते आणि क्षार आणखी आत जमतात. म्हणून डागडुजी मातीच्याच गिलाव्याने करतात, तो झिजतो आणि ठरावीक काळाने पुन्हा लावतात.

उत्खनन संपल्यावर खड्डा परत भरणं हा याच ज्ञानाचा भाग आहे. आधी भिंतीवर हवा-पाणी जाऊ देणारं जिओटेक्स्टाइल कापड घालतात. प्लास्टिकची ताडपत्री कधीच नाही, तिच्याखाली दमट थर साचतो आणि क्षार व बुरशी दोन्ही वाढतात. कापडावर चाळलेली, क्षार नसलेली वाळू किंवा माती, थराथराने दाबत, भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच उंचीने, नाहीतर एका बाजूचा भार भिंत ढकलतो. वरचा थर उताराचा, पाणी वास्तूपासून दूर जाईल असा. तळाशी चालू वर्षाचं नाणं ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, पुढच्या खोदणाऱ्याला जुना खड्डा ओळखता यावा म्हणून. एकच नाणं पुरतं. उंदीर-घुशी अडवायला तारेची जाळी अंथरायचा मोह मात्र आवरावा लागतो: धातू रडारची लहर पूर्णपणे परतवतो आणि मॅग्नेटोमीटरला आंधळा करतो, त्यामुळे त्या जाळीखालचं सगळं पुढच्या पाहणीसाठी कायमचं बंद होतं.